ज्युनिअर केजीसाठी नऊ अक्षरं

पोरीला ज्युनिअर केजीत घालायचं तर आईबापानं परीक्षा द्यायची, ही डोंबलाची पद्धत कुणी काढली कोण जाणे. सोमाटणे फाट्यापासून आत, परवापरवापर्यंत जिथं भात लावायचे तिथं एक इंग्रजी शाळा उभी राहिली आणि आमच्या इंदुरीतल्या निम्म्या घरांना वेड लागलं. नवराबायकोपुढं इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या टाकायच्या, दहा मिनिटं द्यायची आणि त्यांतून जमतील तेवढे शब्द करायला लावायचे. घरात इंग्रजीचं वातावरण आहे का ते बघतात म्हणे. आमच्या घरात वातावरण होतं ते आबांच्या तपकिरीचं. पण नवीन पोरं फक्त याच वर्गात घेतात, पुढं जागा नाही. म्हणजे या वर्षी हुकलं की पोरीची ती शाळा कायमची हुकली.

शेजारी आधी जाऊन आला होता. त्याला मिळालेली अक्षरं त्यानं मोठ्या दानशूरपणानं अख्ख्या आळीला वाटली. मोबाइलवर एक साइट आहे, अक्षरं टाकली की शब्दांचा ढीग पाडते. त्या ढिगातले चाळीस शब्द मी वहीत उतरवले आणि आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये घोकले. अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता. मी बी.कॉम., तळेगावच्या कारखान्यात स्टोअरकीपर. अर्थ विचारायची कुणाची छाती आहे, म्हटलं.

बायको सातवी. पॉलिहाउसवर गुलाब निवडून पेट्या भरायला जाते. तिला मी आदल्या दिवशीच बजावलं, "तू आपली गप बसायचं. विचारलंच तर यस मॅडम म्हण."

"बरं," ती म्हणाली. तिला काही येत असेल असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात बाप मंडळी ओळीनं बसलेली, सगळ्यांचे ओठ हलतायत. एकजात तेच चाळीस शब्द. मला हसू आलं आणि मग लक्षात आलं की माझेही ओठ हलतायत. दारातच मोबाइल काढून घेतले. पोरीला चित्र रंगवायला पलीकडच्या खोलीत नेलं आणि आम्हाला मॅडमसमोर बसवलं.

मॅडमनी नऊ सोंगट्या मांडल्या. ए, डी, ई, आय, एम, ओ, आर, एस, टी. शेजाऱ्याची अक्षरं वेगळीच होती. पण मी कसला ऐकतोय. कागद ओढला आणि पाठ केलेलं लिहीत सुटलो, टेनर, इनर्ट.

"सर, यात एन कुठंय?" मॅडमनी विचारलं.

एन नव्हताच. त्यानंतर माझी जी दातखीळ बसली ती बसलीच. बी.कॉम. गेलं खड्ड्यात, मला कॅटसुद्धा आठवेना, आणि आठवलं तेव्हा सी नव्हता.

मग बायकोनं पुढं वाकून बोटानं चार सोंगट्या सरकवल्या. रोझ. मॅडमनी लिहून घेतलं. स्टेम. सॉर्ट. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिनं पाय तेवढा मागं घेतला. रेड, डेट, डोस, मिस्ट. मग तिनं माइट लावलं आणि मॅडमनी विचारलं, "म्हणजे काय?"

"लाल कोळी, मॅडम. गुलाबाच्या पानाखाली बसतोय. दिसत न्हाई, पण पान पिवळं पाडतोय."

"हे कुठं शिकलात?"

"पेट्यांवर असतंय लिवल्यालं. औषदाच्या बाटलीवर असतंय. रोजच बघती मी."

शेवटी तिनं पाच सोंगट्या लावल्या आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "ह्ये तुमचं." स्टोअर. आठ वर्षं मी त्या पाटीखाली बसतोय.

पोरीची जागा पक्की झाली. अभ्यास आईनं घ्यायचा, असं मॅडमनी सांगितलं, तेही माझ्याकडं बघून. येताना मी गाडी खड्ड्यांतून तशीच दामटली. पोर पुढं टाकीवर बसून गात होती. मागून बायकोनं एकदाच विचारलं, "राग आलाय व्हय?" मी म्हटलं, "कसला राग?" आतून नुसता जळत होतो. पोरीला शाळा मिळाली याचा आनंद राहिला बाजूला, मला डाचत होतं ते हिच्यासमोर पडलेलं तोंड. असा मी माणूस.

ओट्यावर आबा आणि चुलते वाटच बघत होते.

"झालं का रं काम?"

"झालं."

"शबूद किती झालं?"

"नऊ."

"तूच केलं आसतील," आबा कौतुकानं म्हणाले.

"मग काय," मी म्हणालो. "बी.कॉम. काय उगाच झालोय?"

बायको दारात चपला काढत होती. तिनं ऐकलं हे मला कळलं, कारण ती थांबली. चुलत्यांनी चेष्टेनं विचारलं, "आन् सूनबाई, तू काय केलंस?"

"मला कुटं येतंय इंग्रजी," ती म्हणाली. "ह्यांनीच केलं सगळं."

आवाजात टोमणा नव्हता. ती पोरीला घेऊन आत गेली. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला.