साग, घनफुटाला अठरा

गोदामात त्यांना सगळे घनफूट म्हणतात. ते रागावत नाहीत. उलट एखाद्या नव्या हमालानं ‘साहेब’ म्हणून हाक मारली, तर मागे वळूनही पाहत नाहीत.

घर हलवणाऱ्यांकडे जाऊन सामानाचा अंदाज काढायचा, हे त्यांचं काम. टेप लावायची, लांबी-रुंदी-उंची गुणायची, मग वस्तू कशाची आहे ते पाहून वजन सांगायचं. साग घनफुटाला अठरा किलो. शिसव चोवीस. देवदार चौदा. दिसण्यावर जाऊ नये, म्हणतात; कापसाचा डोंगर शेंबडं पोरही उचलतं आणि वीतभर ऐरण पहिलवानाला रडवते.

लेकीला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ होते. लहानपणी जेवताना खेळच चालायचा. ती वस्तू सांगायची, ते वजन. शेवटी ती हमखास विचारायची, आणि हवा? हवेचं वजन धरत नाहीत, असं त्यांचं उत्तर. धरत नाहीत म्हणजे नसतं का, असा तिचा हट्ट. मग आई दोघांना ताटात बघून जेवायला सांगायची.

आई गेली. मागे खिडकीखालच्या कोपऱ्यात तिची सागाची पेटी राहिली. घनफूट रोज सकाळी तिच्यावर बसून बूट घालत.

पुढे लेक-जावई परदेशी निघाले, कायमचे. जावयाच्या कंपनीनं सामानाला पाचशे किलोंची मर्यादा घातली होती. त्यांच्या घरचं सगळं मोजून झालं, चारशे पंचावन्न भरलं. लेकीनं एवढंच मागितलं, आईची पेटी द्या.

घनफुटांनी पेटीला टेप लावली. बाहेरून तीन फूट, दीड फूट, दोन फूट. फळ्यांचं लाकूड सव्वादोन घनफूट. लेक शेजारी उकिडवी बसली होती.

“चोपन्न किलो,” ते म्हणाले. “नाही बसत.”

उभ्या जन्मात त्यांनी खोटा आकडा सांगितला नव्हता. तो सांगताना नजर कुठे ठेवायची, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

लेकीनं झाकणावरून हात फिरवला. पाढा तिलाही येत होता.

“बाबा, आपली पेटी शिसवीची कधी झाली?”

ते टेप गुंडाळत राहिले. राहू द्या, ती म्हणाली, नाहीतरी तुम्ही बूट कुठे बसून घालणार. आणि चहा टाकायला आत गेली.

ती भांडली असती, तर पेटी कोपऱ्यातच राहिली असती.

ट्रक आला त्या दिवशी घनफूट स्वतःच हमालांना घेऊन आपल्या घरी आले. दोघांनी पेटी उचलली. चाळीसच्या आसपास आहे की, एक जण म्हणाला.

“साडेचाळीस,” घनफूट म्हणाले. दारात उभ्या लेकीला ऐकू जाईल असं.

कोपऱ्यातली तेवढीच फरशी नवी दिसू लागली. आता ते भिंतीला टेकून, एका पायावर तोल सांभाळत बूट घालतात.

परवा लेकीचा फोन आला. पेटी पोचली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, त्या कोपऱ्यात काय ठेवलंत?

“हवा.”

“किती?”

“नऊ घनफूट. तीनशे ग्रॅम भरते.”

ती हसली.

“एवढीशीच?”

“हो. पण उचलवत नाही गं.”