टीसी आत्याचा एकच हरलेला डाव

टीसी आत्या प्रवाशाचं तिकीट फारसं बघायचीच नाही. ती तिकीट शोधणाऱ्याचा हात बघायची. हात सरळ खिशात गेला की ती पुढे निघायची. हात आधी या खिशात, मग त्या पिशवीत असा फिरू लागला की समोरची रिकामी जागा बघून शांतपणे बसायची. "ढूँढो भैया, आराम से ढूँढो, कटनी अभी दूर है," म्हणायची. निवृत्त होईपर्यंत तिनं कटनी-इटारसी मार्गावर हेच केलं. पुढे पकडायला माणसंच उरली नाहीत, तेव्हा तिनं मोबाइलवर पोकर सुरू केला आणि तिला मी सापडलो.

मी जबलपुरात तिच्या शेजारच्या घरातला. फॅक्टरीच्या लेखा विभागात नोकरी, आणि दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचायची सवय. आत्याची भाची वैदेही तिच्याकडेच वाढली, कारण वैदेहीचे वडील कायम बदलीवर. घरात शेवटचा शब्द आत्याचा. वैदेही मला आवडायची, आणि हे तिला सोडून अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे असा माझा समज होता.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आत्या फोनवर टेबल लावायची. तिचे रेल्वेतले दोन-चार जुने सोबती, वैदेही आणि मी, सगळे आपापल्या घरून, बोलणं फोनवरच. चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, फुकटच्याच, तरी आत्या त्या आपल्या प्रॉव्हिडंट फंडातून आल्यासारख्या सांभाळायची. मी खेळायला बसायचो ते एकाच कारणानं. पडद्यावर माझं नाव वैदेहीच्या नावाशेजारी दिसायचं. याहून जवळ जायची माझी छाती नव्हती.

पोकरमध्ये ज्याची पानं सरस तो जिंकतो. पण नुसत्याच जास्त चिप्स लावून बाकीच्यांना घाबरवलं आणि त्यांनी पानं टाकली, म्हणजे डाव सोडला, तरीही डाव आपलाच. हा दुसरा भाग मला कधी जमला नाही. एक्का-राजा हाती आल्याशिवाय मी डावात उतरायचो नाही, बाकी सगळं टाकून द्यायचो. याला मी संयम म्हणायचो. आत्यानं माझं नाव कुलूपराव ठेवलं.

एकदा माझ्याकडे राण्यांची जोडी आली. आत्यानं चिप्स वाढवल्या. मी विचार केला, घाम पुसला आणि राण्या टाकल्या. आत्यानं आपली पानं उघडून दाखवली, तर दुर्री आणि सत्ती. मी चिडलो. म्हटलं, "इथे तर चेहराही दिसत नाही. तुला कळतं कसं?"

"उशीर दिसते ना," आत्या म्हणाली. "रद्दी असली तर तू पटकन टाकतो. थांबून थांबून टाकतो, म्हणजे पानं चांगली अन् छाती नाही."

तिची पद्धत साधी होती. भित्र्या माणसाकडून एकदम मोठा घास घ्यायचा नाही, प्रत्येक डावात थोडं थोडं कुरतडायचं. तो एखाद्या वेळी उलटा उभा राहिला, तर मुकाट्यानं आपली पानं टाकायची, कारण त्याच्याकडे तेव्हा खरोखरच काहीतरी असतं. "अन् तू काहून कधी ब्लफ करत नाही?" ती मला विचारायची. "वर्षभर पानं टाकून राहिला तू. एकदा लावलं तर सारे म्हणतील, ह्याच्याजवळ असलंच पाहिजे. एवढी पत कमावली अन् वापरत नाही." मी हसलो आणि पुढचाही डाव टाकला.

मग एका रविवारी तिनं खेळता खेळता जाहीर केलं, "पुढच्या रविवारी टेबल बंद. वैदेहीला पाहायला नागपूरचे लोक येऊन राहिले." त्या डावात मला काय पानं आली होती ते आठवत नाही. टाकली एवढं नक्की.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मुलगा म्हणे बँकेत होता, उंच होता. मी स्वतःची समजूत घालत होतो की तिचं भलंच होईल, आणि त्यातला एक शब्दही मला पटत नव्हता. शनिवारी दुपारी उठलो आणि आत्याकडे गेलो. ती व्हरांड्यात मटार सोलत बसली होती.

"आत्या, त्या नागपूरवाल्यांना नाही म्हणून टाक."

"काहून?"

"वैदेहीशी मी लग्न करतो."

"तिला विचारलं?"

वैदेहीला मी तोवर 'तुमच्याकडे लाइट आहे का' याखेरीज काही विचारलं नव्हतं. "विचारलं," मी लगेच म्हणालो. "हो म्हणाली."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून मी एक शेंग उचलली आणि सालासकट खाल्ली. "अच्छा," ती म्हणाली. "तू म्हणून राहिला, म्हणजे असंलच." तिनं हात पुसले, फोन उचलला आणि माझ्यासमोर नागपूरला नकार कळवला.

मी तिथून पळालोच. वैदेही शाळेत शिकवायची, ती परतताना गल्लीच्या तोंडाशी सापडली. मी एका दमात सगळं विचारून टाकलं. ती म्हणाली, "आधी श्वास घे." मग म्हणाली, "हो."

लग्नानंतर मी ही गोष्ट कुठे सांगितली नाही ते विचारा. बारशात, मुंजीत, गणपतीत. टीसी आत्याला फसवणारा जबलपुरातला एकमेव माणूस मी. आत्या तिथे असली की तिच्याकडूनच कबुली घ्यायचो. ती मान खाली घालून म्हणायची, "हो बाबा, फसले मी. उभ्या नोकरीत एकच विनातिकीट सुटला." पाहुणे हसायचे आणि मी फुगायचो.

गेल्या थंडीत आत्या गेली. फार आजारी पडली नाही, त्रास दिला नाही. तेराव्याला तिच्यासोबत काम केलेले एक गृहस्थ आले, त्यांनाही मी ती गोष्ट सांगितली. मला हुंदका आवरेना. ते गेल्यावर वैदेही माझ्याजवळ येऊन बसली.

"त्या शनिवारी सकाळीच आत्यानं मला विचारलं होतं," ती म्हणाली. "शेजारचा तुला आवडते का? मी हो म्हटलं. मग म्हणे, त्यानं विचारलं का? मी म्हटलं, नाही, अन् तो जन्मात विचारणार नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय हे तिला माहीत होतं?"

"तू फाटक उघडायच्या आधीपासून."

"आणि तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, एकच डाव जिंकला बिचारा, राहू दे त्याच्याजवळ."

मी आत्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त ती हवीशी वाटली. जिंकणारी पानं तिच्या हातात होती. ती तिनं टाकली आणि जाईपर्यंत मला उघडून दाखवली नाहीत.