बाकावर ठेवलेल्या कांड्या

हेलियम वायूचं पहिल्यांदा पाणी करून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाचा दिवस शाळेत साजरा करायचा, हे खूळ माझंच. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आपले पंखे धड फिरत नाहीत आणि तुम्ही हेलियम गार करायला निघालात?" मी म्हटलं, "सर, तुम्ही फक्त नारळ आणा." माझं माहेर बोरी बुद्रुकचं. आम्ही जुन्नरची माणसं एकदा हट्टाला पेटलो की कुणाच्या बापाला ऐकत नाही.

त्या माणसावर माझा फार जीव आहे. वर्षानुवर्षं तो वायू दाबत राहिला, गार करत राहिला. शेवटी ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी भांड्यात द्रव हेलियम साठला तरी कुणाला दिसेना, इतका तो नितळ! कुणीतरी सुचवलं, खालून उजेड पाडून बघा, तेव्हा कुठे त्याची पातळी दिसली. वर्गात हे सांगताना मी हातवारे करत सुटते आणि पोरं खुदखुदतात. हसू देत.

आता अवसरी बुद्रुकमध्ये द्रव हेलियम मी कुठून आणणार? पण द्रव नायट्रोजन घरातच होता. आमचे हे गायी भरतात, म्हणजे कृत्रिम रेतन करतात. गावोगाव त्यांना डॉक्टर म्हणतात. मोटरसायकलवर त्यांचा नायट्रोजनचा कंटेनर असतो, त्यात लांब दांड्याच्या डब्यांमध्ये वळूच्या वीर्याच्या बारीक कांड्या, उणे एकशे शहाण्णव अंशांत. पाऊस आला की प्लास्टिक आधी कंटेनरवर, उरलं तर बायकोवर.

कार्यक्रम झकास झाला. ह्यांनी थर्मासमध्ये थोडा नायट्रोजन काढून दिला. मी त्यात टोमॅटो बुडवला, टेबलावर आपटला, तर काचेसारखा फुटला! "बाई, अजून एक!" करत थर्मास रिकामा झाला. तेवढ्यात ब तुकडी आली. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, आणि हे तर मुख्याध्यापकांकडे चहाला गेलेले. मग मीच कंटेनर उघडला, डबे बाहेर काढून बाकावर ठेवले, भांड्यात नायट्रोजन ओतला आणि डबे परत आत सोडले. फार तर दोन मिनिटं गेली असतील. टोमॅटो फुटला, टाळ्या पडल्या.

चार वाजता गाडीवर बसून घरी निघालो, तर वाटेत ह्यांना ओळखीच्या एका मावशींचा फोन. गावाबाहेर राहणारं हे मेंढपाळाचं घर. चराई आटली तशी त्यांनी मेंढरं विकली आणि एक गाय घेतली. ती दोनदा भरूनही उलटली होती, गाभण राहिलीच नव्हती. मावशींच्या मुलानं सांगून टाकलं होतं, तिसऱ्यांदा उलटली तर बाजार दाखवायचा. मावशींचा मात्र त्या गाईवर लेकीसारखा जीव. सकाळी गाय माजावर आली होती, म्हणजे आत्ताच भरायला हवी होती. आम्ही तसेच तिकडे वळलो.

"भाऊ, आता तुमीच बघा बरं," मावशी म्हणाल्या. ह्यांनी डबा कंटेनरच्या मानेपर्यंत वर घेतला, चिमट्यानं झटकन कांडी उचलली, डबा खाली सोडला आणि कांडी कोमट पाण्यात टाकली. मी सहज विचारलं, "अहो, डबा पूर्ण बाहेर का नाही काढत?"

"बाहेर? मानेच्या वर नुसता रेंगाळला तरी कांड्या जातात. आणि मेलेली कांडी दिसायला अगदी जित्या कांडीसारखीच."

सकाळभर मी पोरांना थंडी शिकवत होते आणि तीच थंडी बाकावर मांडून मोकळी झाले होते! गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. गाय उलटली असती, बाजारात गेली असती आणि सगळ्यांनी नशिबाला बोल लावला असता. पण मावशी गाईची मान खाजवत उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघून मला राहवेना. मी सांगून टाकलं, सगळं, मावशींच्या देखत.

ह्यांनी कांडी फेकून दिली. मला वाटलं आता सगळ्यांसमोर खरडपट्टी निघणार, आणि ती निघायलाच हवी होती. पण ते एवढंच म्हणाले, "मी मंचरला मित्राकडं जाऊन ताजी कांडी घेऊन येतो. तू इथंच थांब." तासाभरात आले, गाय भरली. मावशींनी मला चहा पाजला. "चुकलं तर चुकलं, बाई. बोलला तर खरं," एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही निघालो आणि रस्त्याला लागायच्या आत ह्यांनी गाडी थांबवली. कंटेनरमध्ये काठी बुडवली की जितका नायट्रोजन असेल तितका तिच्यावर बर्फ धरतो. ते मागं न बघता म्हणाले, "उन्हाळ्यात नायट्रोजनची गाडी चुकली होती. काठीवर जेमतेम दोन बोटं बर्फ धरला होता. कांड्या गेल्यात अशी शंका आली, तरी त्याच वापरत राहिलो. मावशीच्या गाईला दोन्ही वेळा त्यातलीच."

"अहो, मग बोलला का नाही?"

"डॉक्टर म्हणतात ना मला."

मला त्यांचा संताप आला आणि त्याच दमात माया दाटून आली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी गाडी वळवली.

मावशी अजून गोठ्यातच होत्या. ह्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. मला वाटलं आता त्या शिव्या घालणार. पण त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाईचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिला म्हणाल्या, "ऐकलंस का गं बये? तुझ्यात काय बी खोट नव्हती. आन् मी तुला रोज वांझोटी म्हणत व्हते."