एसीच्या डब्यातली पुरचुंडी

इथले भुताखेताचे अनुभव मी आवडीने वाचतो, पण आजवर एकावरही माझा विश्वास बसलेला नाही. आम्ही बौद्ध. घरात कोणी नवस, अंगारा, बाहेरची बाधा असलं काही काढलं की वडील म्हणायचे, "पुरावा दाखव, मंग बोल." त्यात माझी नोकरी अमरावतीत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये. रक्त, पू, मलमूत्र... दुर्गंधी माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तरी पुढे सांगतोय त्या वासाबद्दल लिहायला बसलो की आजही आधी उठून खिडकी उघडतो.

माझे मोठे भाऊ अकोल्याला असतात, आम्ही त्यांना दादा म्हणतो. सिंचन खात्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी हौस पूर्ण केली – दोन दारांची, लाल, सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. इतकी बुटकी की तिच्यात चढायचं नाही, उतरायचं. एसी मात्र गाडी घेतल्यापासूनच बंद, फक्त ब्लोअर चालायचा. मंदावहिनींनी त्यावर आपला तोडगा काढला. दर उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या की उरलेला वाळा त्या जुन्या सुती साडीच्या फडक्यात बांधायच्या. एक पुरचुंडी पिण्याच्या माठात, एक कपड्यांच्या कपाटात, आणि एक ओली करून गाडीत, एसीच्या जाळीसमोर हातात धरून बसायच्या. गार, सुगंधी वारा यायचा. दादा ऐटीत सांगायचे, "माह्या गाडीचा एसी बाजूच्या सीटवर बसते!"

दोन उन्हाळ्यांपूर्वी वहिनी गेल्या. त्यानंतर दादांचा एकच नेम उरला. दुपारी गाडी काढायची, ब्लोअर लावून गावाबाहेर एक चक्कर मारायची, आणि मग घरी येऊन जेवायचं. चक्कर नाही तर जेवण नाही.

यंदा मे महिन्यात दादांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीत ठरलं. मी त्यांना आणायला अकोल्याला गेलो. त्यांच्याच गाडीने निघालो, मी चालवत होतो. ब्लोअर सुरू केला आणि... कसं सांगू? साचलेलं पाणी, कुजलेली मुळं, आणि त्याखाली एक गोडसर घाण – लॅबचा फ्रिज बंद पडून सॅम्पल खराब झाले की येते तशी. मूर्तिजापूरच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली आणि ओकलो.

"काहून रे, पित्त झालं काय?" दादांनी विचारलं.

"दादा, वास नाही येत तुम्हाले?"

"येऊन राह्यला ना. वाळ्याचा. मस्त येते." त्यांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

मी मनात म्हटलं, वय झालं, नाक गेलं.

ऑपरेशन झालं. चक्कर बंद, पण दादा दारातल्या गाडीत घटकाभर ब्लोअर लावून बसत आणि मगच जेवत. दादा डोळ्याला पट्टी लावून माझ्या घरी पडून होते, तेव्हा मी म्हणालो, "ऑइल बदलून आणतो गाडीचं."

"आण. पण एसीले हात लावू नको बरं. बंद हाय तर बंद राहू दे."

"नाही लावत," मी म्हणालो.

त्यांच्या भल्यासाठीच करतोय, असं मी बायकोला, शोभाला, सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की मला परत त्या घाणीत बसून अकोल्यापर्यंत जायचं नव्हतं.

बडनेरा रोडवर सलीमभाईचं गॅरेज आहे. बॉनेट उघडताच त्याने नाकाला गमछा लावला. "उंदीर मेला असेल भाऊ. पूरा सिस्टमच काढून टाकतो. गाडी भी हलकी, तुमी भी हलके."

गॅस कधीचाच उडून गेला होता. कॉम्प्रेसर जाम, हाताने फिरेना. तो काढला, रेडिएटरपुढची एसीची जाळी काढली, पाइप कापले. मग डॅशबोर्ड उतरवून आतला कूलिंग कॉइलचा डबा बाहेर ओढला. चारी बाजूंनी बंद, स्क्रू गंजून एकजीव झालेले, जोडावरचं सील जसंच्या तसं.

"ये कंपनीके बाद किसीने खोला नहीं," सलीमभाई म्हणाला आणि डब्याला हात लावून दचकला. "अबे! हे थंड हाय."

मीही हात लावला. बाहेर उन्हाने डांबर चिकट झालेलं, आणि डबा माठासारखा गार, घामेजलेला.

छिन्नीने फोडावा लागला. आतून काळं पाणी माझ्या चपलेवर सांडलं. कॉइलच्या मागे काहीतरी केसांसारखं, काळं, बुळबुळीत... मला वाटलं, केसच आहेत. सलीमभाई हात लावेना. "ये चूहा नहीं है भाऊ. तुमीच काढा."

मी उजव्या हाताने ओढलं. लिबलिबीत वाळा, त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या, आणि भोवती सुती साडीचं फडकं. गाठ तशीच घट्ट. काठ मी ओळखला, वहिनींच्या साडीचा होता. ओळखूनही मी ती पुरचुंडी गॅरेजमागच्या भंगारावर भिरकावली. इतकी किळस आली होती.

ब्लोअर तेवढा परत जोडून घेतला. घरी आल्यावर पट्टी निघालेले दादा हौसेने गाडीत बसले. त्यांनी ब्लोअर लावला, जाळीवर तळहात ठेवला. गरम वारा. मग त्यांनी बाजूच्या सीटकडे पाहिलं.

"सुधीर, माह्या गाडीतून कोणाले उतरवलं तू?"

"कोणाले उतरवीन? ऑइल बदललं फक्त." दुसऱ्यांदा खोटं बोललो.

ते गाडीतून उतरले. "मले रेल्वेनं पाठव," एवढंच म्हणाले. त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना बडनेऱ्याहून रेल्वेत बसवून दिलं आणि तसाच गॅरेजवर गेलो. सलीमभाईला म्हणालो, एसी होता तसा परत बसव.

"बिघडलेला एसी परत बसवा म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाह्यलं! आणि टूटा डब्बा कैसा जोडू, भाऊ?"

पुरचुंडी भंगारावर तशीच पडली होती. कोरडी ठणठणीत. अळ्या नाहीत, चिखल नाही, पिवळसर स्वच्छ वाळा. एका दिवसाच्या उन्हाने एवढं होत असेल तर मला माहीत नाही. घरी आणून पाण्यात बुडवली मात्र, तोच सडका दर्प भपकन नाकात घुसला. शोभाने हुंगून पाहिलं. "वाळाच तर आहे. चांगला वास येते."

ती पुरचुंडी घेऊन मी गाडी अकोल्याला नेली आणि दादांना सगळं सांगितलं. त्यांनी फडकं नाकाशी धरलं. परत परत धरलं. मग माझ्या हातात दिलं.

"मले काहीच येत नाही. तुले येते?"

"येते."

"मंग तूच बस तिच्यापाशी."

बंद डब्यात ती पुरचुंडी कशी गेली, दोन वर्षं ओली कशी राहिली, मेलेला एसी गार कसा होता – मला यातलं काहीच सांगता येत नाही. वडील असते तर पुरावा मागितला असता, आणि माझ्याकडे फक्त माझं नाक आहे.

दर रविवारी मी अकोल्याला जातो. दुपारी दादांची गाडी काढतो, काचा वर करतो, ब्लोअर लावतो, पुरचुंडी ओली करून उजव्या हातात जाळीसमोर धरतो आणि डाव्या हाताने स्टिअरिंग सांभाळत एकटाच ती चक्कर मारून येतो. नाकाला लावायला रुमाल नेत नाही. परत येतो तेव्हा दादा दारातच उभे असतात.

"हाय काय अजून?"

"हाय."

मग ते जेवायला बसतात, माझंही ताट वाढतात. हात कितीही धुतला तरी वास जात नाही. त्याच हाताने मी त्यांच्यासमोर घास घेतो.