सरांचा जुना बास्केटबॉल गेम

सरांचा अंगठा बटण दाबत होता, पण वेळेवर सुटत नव्हता. स्क्रीनवरचा खेळाडू उडी मारून खाली यायचा, मग हातातून बॉल जायचा. रिंगलाही लागायचा नाही.

"पुन्हा," सर म्हणाले.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारानं हात अडला की जेवणं, बटणं लावणं, सही करणं ही रोजची कामं पेशंटला कशीबशी का होईना जमावीत, यासाठी आमची खटपट. नागपुरातल्या एका सेंटरमध्ये नोकरी करते, काही पेशंटच्या घरी जाते. सरांनी आयुष्यभर कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवला. आता त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज होता. यात स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जातात. सरांचं डोकं मात्र लख्ख होतं. या आजारातून कोणी परत येत नाही.

हाताच्या व्यायामासाठी मी आधी एक नवा बास्केटबॉल गेम नेला होता. झगमगाट, फटाके, हवेत कोलांट्या. सरांनी थोडा वेळ खेळून कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"हे सर्कस आहे, म्याडम. याच्यात माणूस थकतच नाही."

मग त्यांच्या बायकोनं, सुनीताताईंनी, माळ्यावरून जुना गेम काढला. चेहरे ठोकळ्यासारखे, प्रेक्षक पुठ्ठ्याचे. मला काही विशेष वाटलं नाही.

"चेहरे नका पाहू, पाय पहा," सर म्हणाले. "कसा पाय रोवून वळून राहिला! अन् दमला की याचा शॉट आखूड पडते. मी पोरींले हेच दाखवत होतो."

त्या गेममध्ये बटण दाबलं की उडी, आणि उडीच्या टोकावर सोडलं तरच नेम. नेमकं सोडणंच सरांना जमत नव्हतं. बोटं आखडली की दाबणं जमतं, सोडणं नाही. मी कंट्रोलर पट्ट्यानं बांधला. कोपराखाली मोठा स्विच लावला. थोडे दिवस बरं चाललं. मग कोपरही उशिरा सुटायला लागलं.

"लेव्हल कमी करू या का, सर? उशिरा सोडलं तरी बॉल आत जाईल."

"मंग तो बास्केटबॉल काहून म्हणायचा?"

सेंटरच्या हेडनं विचारलं, "प्रोग्रेस?"

"नाही. प्रोग्रेस होणारही नाही."

"मग गोल सोपे ठेवा. पेशंटला जिंकल्यासारखं वाटू दे."

"ते नको म्हणतात."

"मग सेशन कशासाठी घेता?"

मी जात राहिले.

एका दुपारी मी गेले तेव्हा स्कोअर वाढत होता. एक बास्केट, लगेच दुसरं. सुनीताताई टाळ्या वाजवत होत्या. सर हसत नव्हते. तिसरा बॉल आत गेला तसा त्यांनी स्विचवरून हात ओढून घेतला. त्यालाही बराच वेळ लागला.

"लेव्हल तू कमी केली का वं?"

सुनीताताईंच्या टाळ्या थांबल्या.

"मले समजते. त्याचे पाय परत जमिनीवर आले होते, अन् बॉल आत. असा कोणी टाकत नाही."

"तुम्ही रोज हरून राहिले," त्या रडू लागल्या. "मले नाही पाहवत."

"मी हरून राहिलो, पण खेळून तर राहिलो ना? आता तेही नाही."

मी लेव्हल पुन्हा वर नेली. सर खेळले. एकही बास्केट झालं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. हात पूर्ण गेला तेव्हा कम्प्युटरच्या दोन टीम आपसात लावून ते नुसते बघायचे. कोण दमलं ते सांगायचे, सुनीताताई तो खेळाडू बदलायच्या. मग जीभ जड झाली. त्यांना कोणाला बाहेर काढायचंय, तेही आम्हाला कळेना. सुनीताताई एकेका खेळाडूवर बोट ठेवून विचारत राहिल्या. हा का? हा? सरांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर तो गेम लावला गेला नाही. हिवाळ्यात सर गेले.

आता कोणत्याही पेशंटचं काम सोपं करण्याआधी मी त्याला विचारते. बहुतेक जण म्हणतात, करा.