धुरीकाकांची हरकत

आमच्या मजल्यावर धुरीकाकांइतका किरकिरा माणूस नाही, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत आले. जिन्यात कुणी चपला काढल्या तरी यांच्या कपाळाला आठी. मालनकाकू होत्या तोवर त्या मध्ये पडून सारवासारव करायच्या. त्या गेल्या, मुलगा विनीत संसार घेऊन बदलापूरला गेला, आणि काकांना भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत निम्म्या खोल्या आता भाड्याने दिल्यात. भाडेकरू कामावरून येतात आणि कडी लावून घेतात. काका गॅलरीत उभे राहून बंद दारांवर डाफरायचे, मग तेही बंद झालं.

चाळीच्या मागच्या भिंतीला लागून सरकारी फर्निचरचा कारखाना होता. कचेऱ्यांच्या खुर्च्या-टेबलं तिथे बनायची. तो बंद पडून जमाना झाला. आत नुसतं रान माजलंय. शेवटी सरकारला जाग आली आणि एवढ्या मोठ्या जागेचं काय करायचं याचा आराखडा निघाला: मैदान, वाचनालय, शिवाय म्हाताऱ्या माणसांसाठी विरंगुळा केंद्र. रहिवाशांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी ठेवली होती. घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणून मी काकांना जवळजवळ ओढतच नेलं.

आराखड्याचं काम बघणारी आकांक्षा नावाची तरुण मुलगी माईकवरून हजेरीच्या यादीतल्या एकेकाला पुकारत होती. "श्री. जयवंत शिवराम धुरी!" काका दचकलेच. ते उभे राहिले तशी ती म्हणाली, "बोला काका, तुमचं काय म्हणणं आहे?"

काकांचं काहीएक म्हणणं नव्हतं. पण सगळा हॉल आपल्याकडे बघतोय म्हटल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "आतला पिंपळ तोडायचा नाही." तिने ते लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत काका. पुढच्या वेळी बदल करून दाखवते."

झालं! कुणाची हरकत राहिली की आराखड्यात बदल करायचा आणि पुन्हा सुनावणी लावायची, ही तिथली पद्धत काकांना कळली आणि त्यांच्या अंगात संचारच झाला. पिंपळ वाचला, तर यांना फाटक चाळीच्या बाजूला हवं. फाटक हललं, तर बाकांना पाठ हवी. बाकांना पाठ आली, तर पाणपोईचा नळ उंच वाटायला लागला. सुनावणीच्या दिवशी काका गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात हजर. तिथे आकांक्षा त्यांना पुढे बसवायची, चहा द्यायची, गुडघा कसा आहे विचारायची.

लोक मात्र वैतागले. मीही एकदा जिन्यातच त्यांना धरलं. "अहो काका, ते केंद्र तुमच्यासारख्यांसाठीच बांधतायत, आणि तुम्हीच त्यात खोडा घालून बसलात!"

"गो वैशाली," काका खालच्या आवाजात म्हणाले, "तां सगळां होईसर मी असतलंय काय? आणि थंय माका कोण तरी इचारता. घराक कोण इचारता?"

केंद्र होईपर्यंत आपण असू की नसू, हे त्यांनीच असं सांगितल्यावर माझा राग जागच्या जागी विरला. मी घरात जाऊन कुकर लावला.

त्यानंतरच्या सुनावणीला आम्ही जरा लवकर पोचलो. व्हरांड्यात टेकलो होतो. आत खिडकीपाशी आकांक्षाचे साहेब तिला झापत होते. "एका म्हाताऱ्याला गप्प करता येत नाही तुला? आज हे संपलं नाही, तर हे काम दुसऱ्याकडे देतो."

"सर, त्यांचं ऐकून तर घ्यायला हवं," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

मी काकांकडे बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. यायच्या वाटेवर ते मला नवी हरकत सांगत होते, मैदानातल्या दिव्यांचा उजेड चाळीतल्या लोकांच्या डोळ्यांवर येईल म्हणून. हरकत तशी वाईट नव्हती.

नाव पुकारलं गेलं. काका उभे राहिले. मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. आकांक्षा पेन हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"माझी काही हरकत नाही," काका म्हणाले. "आराखडा बेस झालाय. पोरीने मेहनत घेतलीय, हे पण लिहा."

टाळ्या पडल्या. साहेबांनीसुद्धा वाजवल्या. काका खाली बसले आणि शर्टाची बाही नीट करत राहिले.

हॉल रिकामा झाला. शिपाई प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होता. आकांक्षा चहा घेऊन आली. तिचा चेहरा असा खुलला होता की बघूनच बरं वाटलं. "थँक्यू काका! पुढच्या महिन्यापासून मी वरळीला. तिथेही अशीच एक सरकारी जागा पडून आहे, तिच्या सुनावण्या सुरू होतायत."

काकांनी कप खाली ठेवला.

"तिकडे बाहेरच्या माणसाला हरकत घेता येते काय?"

ती हसली. "नाही हो काका, तिथे तिथलेच रहिवासी. तुम्ही आता आराम करा."

"हां, ते बरोबर आहे," काका म्हणाले.

ती गेली. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले. शिपायाच्या सगळ्या खुर्च्या रचून झाल्या होत्या, काका बसले होते तेवढी एक उरली होती. तो बाजूला येऊन थांबला, पण त्यांना उठा म्हणायचा धीर त्यालाही होईना आणि मलाही.