प्रभावतीबाईंनी निवडलेला विषय

आमच्या जिल्ह्यात वादविवाद स्पर्धेचा विषय वाद न घालता ठरतो. देशभरातल्या शाळकरी मुलांनी वर्षभर सरकारी धोरणाच्या एकाच प्रश्नावर बोलायचं, अशी ती स्पर्धा. प्रत्येक जिल्ह्यानं एक विषय सुचवायचा आणि त्यातून दिल्लीत एक निवडायचा. परभणीचा विषय सुचवायला आम्हा पाच शिक्षकांची समिती आहे. अध्यक्ष दिनकरराव, निवृत्त मुख्याध्यापक. बैठक म्हणजे आधी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार, मग पोहे, आणि चहा येईपर्यंत ‘मोबाइल शाप की वरदान’ एकमतानं मंजूर. दरवर्षी हेच. मोबाइल हे कुठल्या सरकारचं धोरण आहे, हे विचारायची सोय नाही, कारण ज्येष्ठांचा मान राखायचा असतो.

प्रभावतीबाई समितीवर आल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी मोबाइलच्या विषयाला मान डोलावली नाही.

बाई मूळच्या चुडाव्याच्या. माहेर रेल्वे स्टेशनला लागून, त्यामुळं गाडीच्या वर आवाज काढून बोलायची सवय लहानपणापासूनची. राणीसावरगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर आठवीपर्यंतची शाळा होती, तिथं त्या शिकवायच्या. स्वभाव तापट. दर शनिवारी मुलांना वादविवादाला उभं करायच्या. खडूच्या रिकाम्या डब्यात दोन चिठ्ठ्या, एक ‘बाजूनं’ आणि एक ‘विरुद्ध’. जी निघेल ती बाजू घ्यायची, मनाला पटो न पटो. कुणी कुरकुरलं की बाई म्हणायच्या, समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं नीट मांडता येत नसेल तर ते खोडायचा तुम्हाला हक्क नाही. वस्तीवरची पोरं घरी जाऊन बापालाही दोन्ही बाजू ऐकवायला लागली होती. त्याबद्दल बाईंकडं तक्रारी यायच्या आणि बाई खूश व्हायच्या.

तर बैठकीत बाईंनी आपला विषय ठेवला: कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत पाठवावं. दिनकररावांचा पोह्याचा घास हातातच राहिला. त्यांनी समजावून सांगितलं, की बाई, तुमच्या स्वतःच्या शाळेचा पट कमी आहे, कशाला आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेता, आणि वर विषय राजकीय आहे.

बाई भडकल्या. भडकल्या की त्यांची पुस्तकी मराठी सुटायची.

“सर, आमची लेकरं कुठं शिकणार ते दिल्लीत ठरायलंय. त्या लेकरांनी त्याच्यावर बोलायचं न्हाई, तर मग बोलायचं कशावर?”

मतदान घ्या म्हणून त्या अडून बसल्या. समितीच्या इतिहासात पहिलं मतदान झालं आणि बाई एका मतानं जिंकल्या. त्या मतांत माझं एक होतं. दिनकरराव शाल तिथंच ठेवून निघून गेले. पुढं दिल्लीतही तोच विषय निवडला गेला, तेव्हा बाईंनी वस्तीवर पेढे वाटले. देशभरातली मुलं आपल्या शाळेबद्दल बोलणार, म्हणजे कुणीतरी मोठं माणूस विरुद्ध बाजूही कान देऊन ऐकेल आणि शाळा वाचेल, असं त्या धरून चालल्या होत्या. मीही चाललो होतो.

जिल्ह्याची फेरी परभणीला झाली. बाईंच्या शाळेकडून सातवीतली निकिता होती. तिनं चिठ्ठी उचलली आणि तिचं तोंड उतरलं. ‘बाजूनं’ निघालं होतं, म्हणजे आपलीच शाळा बंद करा असं तिला सांगायचं होतं. समोरच्या शाळेचे शिक्षक बाजू बदलून घ्यायला तयार होते. मी बाईंना तसं सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जाऊन खुर्चीवर बसलो. मग निकिताच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला मंचावर पाठवलं.

पोरगी काय बोलली! मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, विषयाला वेगळा शिक्षक असतो, खेळायला मैदान असतं. राहिला प्रश्न अंतराचा, तर लांबच्या मुलांना न्यायला सरकार दारात गाडी पाठवील, मग अडचण उरतेच कुठं? पहिला नंबर आला. बाई सगळ्यांसमोर रडल्या. कुणीतरी त्या भाषणाचा व्हिडिओ केला आणि तो जिल्हाभर फिरला.

महिन्याभरानं शाळा बंद करायचा प्रस्ताव घेऊन शिक्षण खात्याचे एक साहेब वस्तीवर आले. बाईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. साहेबांनी पारावर सगळ्यांना गोळा केलं, खिशातून मोबाइल काढला आणि निकिताचं भाषण लावलं. गाडीचं वाक्य आलं तेव्हा आवाज वाढवला. तुमचीच मुलगी सांगते आहे, म्हणाले, आता आम्ही वेगळं काय सांगायचं?

सगळी वस्ती बाईंकडं बघायला लागली. निकिताची आजी बायनाबाई पुढं आली.

“बाई, आमच्या लेकराच्या तोंडी हे तुमी घातलं?”

बाईंनी साहेबांना परोपरीनं सांगितलं. ते स्पर्धेतलं भाषण आहे, चिठ्ठीत निघालेली बाजू आहे, तीच मुलगी आता विरुद्ध बाजू मांडेल, पाच मिनिटं ऐका. साहेब म्हणाले, गरज नाही, ती मनापासून बोलली आहे. निकिता तरीही उभी राहिली. पावसाळ्यात ओढा भरतो, वाट बंद होते आणि सगळ्यात आधी पोरींना घरी बसवतात, असं ती सांगत होती. साहेब तेवढ्यात फोनवर बोलत जीपकडं गेले.

माझं डोकं आजही फिरतं. मोठ्यांनी जे आपसात भांडून ठरवायचं, ते लेकरांकडून वदवून घ्यायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि त्यातलं सोयीचं तेवढं कापून खिशात टाकायचं. ऐकून घ्यायला शिकलेली मुलं या लोकांना नकोत. पाठ करून बोलणारी हवी आहेत, मोबाइलवर.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं आणि बाईंची बदली पालमला झाली. पहिल्या आठवड्यात त्या रजा टाकून वस्तीवर गेल्या. फाट्यावर निकिता दप्तर आणि डबा घेऊन उभी होती. बाकीची पोरं दोन-तीन दिवस थांबून घरी बसली होती. ही रोज यायची. गाडी येणार आहे, म्हणाली.

बाईंनी तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि तडक साहेबांच्या ऑफिसात नेलं. टेबलासमोर तिला उभं केलं.

“तुमच्या व्हिडिओतली पोरगी हीच. दारात गाडी येणार म्हणून तुमीच पारावर वाजवून दाखवलंत. कुठं हाय गाडी?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. निकिताकडं न बघता ते बाईंना म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. ते स्पर्धेतलं भाषण होतं. तिथं मुलांना तसं बोलावं लागतं.”

निकिता डबा छातीशी धरून तिथंच उभी होती.